धुळीच्या माथी मारलेला खोकला

११ जानेवारी, सोमवार. सकाळी ७
वॉर्निश कंपनीने भेट दिलेली डायरी आजपासून वापरायला काढली. आधीची दहा पाने कोरी गेली, पण नवीन कपाटालाही वर पुठ्ठा असतोच.

संकल्प दोन. एक, रोज चार ओळी लिहिणे. दोन, खोकल्याचा या आठवड्यात निकाल लावणे.

खोकला तीन आठवड्यांचा झाला. कारण मला पक्के ठाऊक आहे. चाळीस वर्षे फर्निचरला हातपॉलिश करतो आहे. काचपेपर घासला की धूळ उडणार, उडाली की नाकात जाणार. एवढ्यासाठी डॉक्टर कशाला? माझ्याकडे वैद्यकाचे जाडजूड पुस्तक आहे. पुठ्ठा नाही, आणि फक्त 'क' पासून 'फ' पर्यंतची पाने शाबूत आहेत, पण माणसाचे बहुतेक आजार त्यातच बसतात. खोकला बसला. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या चालू.

ही म्हणाली, अहो, दवाखान्यात जा, नाहीतर मीच जाऊन तुमच्या वतीने खोकून दाखवते. बायकांना धीर नसतो.

१४ जानेवारी
गुळण्यांनी घसा उत्तम. खोकला आहे तसा. बारीक तापही.

दोन्ही तळहातांवर तांबूस ठिपके आले आहेत. तळपायांवरही. खाज नाही. स्पिरिट अंगावर उठले, दुसरे काय. आमचा सुतार (त्याला सगळे रंधा म्हणतात, कारण तो कोणाचीही साल काढतो) म्हणाला, स्पिरिट हाताला लागतं, पायाला कधीपासून लागायला लागलं? पायांनी पॉलिश मारतोस का? त्याच्याकडे दुर्लक्ष केले.

आजपासून हातमोजे घालून काम करायचे ठरवले.

संध्याकाळी: हातमोज्यात पॉलिशचा बोळा धरता येत नाही. हातमोजे काढले.

१९ जानेवारी, मंगळवार
हिने अखेर ओढून छातीच्या डॉक्टरकडे नेलेच. डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. मनात म्हटले, हिने अजून किती छात्या पाहिल्या असणार. धुळीचा सिद्धांत समजावून सांगितला. त्यांनी ऐकून घेतला आणि एक्स-रे काढायला पाठवले.

दोन्ही फुप्फुसांत गोल गोल सावल्या. कडेकडेने. बाईंनी पेनाने दाखवल्या, मी सहापर्यंत मोजल्या आणि पुढचे आकडे विसरलो.

ही एकदम म्हणाली, कॅन्सर आहे का? मी तो शब्द मनातसुद्धा आणला नव्हता आणि हिने टेबलावर आणून ठेवला. बाई म्हणाल्या, तपासल्याशिवाय काही सांगणार नाही, टीबीही असू शकतो, आणखीही काही असू शकते.

ही शिंप्याच्या दुकानाची काजंबटणं घरी करते. आज एका शर्टाला तिने सगळी बटणे उलट्या बाजूला लावली आणि सगळी उसवली. मग तीच परत उलट्या बाजूला लावली.

२१ जानेवारी
ही कारखान्यात जाऊन मालकांशी भांडून आली. मला सांगितले नव्हते. म्हणाली म्हणे, चाळीस वर्षं या माणसाने तुमची कपाटं चमकवली आणि स्वतःच्या छातीत भुसा भरून घेतला, तुम्ही साधा पंखा लावला नाहीत. मालक उभेच राहिले. बिचाऱ्यांनी हात जोडले. उद्या धूळ बाहेर ओढणारा मोठा पंखा बसतो आहे, सगळ्यांना मास्क मिळणार आहेत.

माझ्या आजाराने एका लढ्याला तोंड फुटले. अभिमान वाटला. तेवढ्यात खोकल्याची उबळ आली.

२२ जानेवारी, शुक्रवार
सीटी स्कॅन. मशीनमध्ये आडवे पडल्यावर श्वास धरा, सोडा, असे एक बाईमाणूस छतातून सांगते.

नंतर डॉक्टरीणबाईंनी हिला बाहेर बसवले आणि माझे तळहात उजेडात धरून पाहिले. मग विचारले, गेल्या वर्षभरात पत्नीशिवाय कोणाशी शरीरसंबंध आला होता का? छातीच्या डॉक्टरने छातीपुरते विचारावे. छत्तीस वर्षांचा संसार झालेल्या माणसाला असे विचारतात? मी ठणकावून नाही म्हणालो. त्या म्हणाल्या, बरं, पण रक्ताची एक जादा तपासणी मी लावते आहे. त्यांना सही हवी होती, दिली. स्वच्छ माणसाला सहीचे काय भय?

इथे फक्त माझ्यासाठी नोंद. सप्टेंबरमध्ये परगावी एका हॉटेलच्या बारचे काउंटर पॉलिश करायला बारा दिवस होतो. त्यातल्या अकराव्या दिवशी जे झाले ते बाईंच्या प्रश्नात बसत नाही. एकदाच झाले. एकदा झाले त्याला संबंध म्हणत नाहीत, फार तर प्रसंग.

२६ जानेवारी
पाठीतून सुई घालून गाठीचा तुकडा काढला. दोन दिवसांत कळेल. मुलगी आली आहे, येऊन स्वयंपाकघरात उगाच डबे पुसत बसते. मी बाबा म्हणून हसतो. हसलो की खोकला येतो, मग ती रडते.

संकल्प, तिसरा आणि शेवटचा: कॅन्सर निघाला नाही तर या जन्मात पुन्हा खोटे बोलणार नाही. लिहून सही केली आहे.

२८ जानेवारी, गुरुवार. दुपारी २
कॅन्सर नाही! टीबीही नाही!

संध्याकाळी ६
पूर्ण लिहितो. बाईंनी आधी आम्हा दोघांना बोलावून कॅन्सर नाही, टीबी नाही असे सांगितले. ही तिथेच खुर्चीत बसून मोठ्याने रडली, मग बाहेर जाऊन लिफ्टवाल्यालाही सांगून आली. तेवढ्यात बाईंनी दार लावले आणि मला उरलेले सांगितले.

सिफिलिस. आपल्याकडे गरमी म्हणतात, असेही म्हणाल्या, मला कळले नसेल म्हणून. हा जंतू बहुधा कातडीवर दिसतो, तळहाता-तळपायांवर विशेष. क्वचित एखाद्याच्या फुप्फुसात जाऊन गाठी करतो. त्यांनी नोकरीत दुसऱ्यांदाच पाहिला. एवढ्या दुर्मिळ गोष्टीत माझा नंबर लागावा, आणि सांगायची सोय नाही.

औषध साधे आहे. पेनिसिलिन. कधी लागण झाली ते मी नीट सांगेना म्हणून खबरदारी म्हणून एकाऐवजी तीन डोस, आठवड्याला एक, दोन्ही कुल्ल्यांवर वाटून. पहिला तिथेच टोचला.

मग म्हणाल्या, पत्नीला याच आठवड्यात आणा. त्यांची तपासणी आणि इंजेक्शन झालेच पाहिजे. हा आजार गप्प बसतो, वर्षांनी डोळ्यांवर, मेंदूवर, हृदयावर उठतो. तुम्ही सांगा. मी तुमच्या पाठीमागून त्यांना गाठणार नाही, पण त्यांना न सांगता टोचणारही नाही. मी मान हलवली.

लंगडत बाहेर आलो. ही डोळे पुसत होती. म्हणाली, काय म्हणाल्या हो, मग काय आहे? मी म्हणालो, धूळ.

काय करणार? महिन्याभरात पहिल्यांदा हिच्या चेहऱ्यावर रंग आला होता. अशा वेळी सांगणे म्हणजे ओल्या पॉलिशवर हात ठेवणे. आधी वाळू द्यावे. रविवारी सांगतो.

२९ जानेवारी
इंजेक्शनने काल संध्याकाळपासून सडकून ताप. थंडी वाजून दात कडकड. बाईंनी बजावले होते की पहिल्या डोसानंतर असे होते, एका दिवसात उतरते. ही उशाशी स्टूल घेऊन पाण्याच्या पट्ट्या ठेवत होती. मध्येच कपाळावरून हात फिरवत म्हणाली, मेली ती धूळ.

दुपारी उतरला. ही झोपल्यावर पुस्तक काढले. 'ग'मध्ये शोधले. एकच ओळ आहे: गरमी, 'उपदंश' पाहा. 'उ'ची पाने नाहीत.

१ फेब्रुवारी
काल रविवार. मुलगी होती. मुलीसमोर कसे सांगणार? आज मुलगी गेली. पण मुलगी गेल्याने ही उदास होती. उदास माणसाला कसे सांगणार?

बुधवारी नक्की.

४ फेब्रुवारी, गुरुवार
दुसरा डोस. बुधवारी सांगणे झाले नाही, पाणी गेले होते.

बाईंनी पहिलाच प्रश्न केला, पत्नी? मी म्हणालो, परगावी गेली आहे. बाई म्हणाल्या, मग बाहेर पिशवी घेऊन बसल्या आहेत त्या कोण? मी म्हणालो, तिची बहीण. बाई म्हणाल्या, गेल्या आठवड्यात इथे रडल्या त्या? मी म्हणालो, त्या बहिणी फार सारख्या दिसतात.

बाईंनी पेन खाली ठेवले. आवाज चढवला नाही, तेच वाईट. म्हणाल्या, काका, तुम्ही बरे होताय आणि त्यांच्या अंगात तो वाढत असेल. तुमचा एकेक दिवस त्यांच्या खात्यातून जातोय.

सुई आज जास्त दुखली.

६ फेब्रुवारी
रंध्याचा सल्ला घेतला. नाव अर्थात सांगितले नाही. म्हटले, माझा एक मित्र आहे, त्याच्या हातून एक चूक झाली, बायकोला सांगायचे आहे, धीर होत नाही. रंधा फळीकडेच बघत म्हणाला, त्या मित्राला म्हणावं, हॉटेलच्या कामाला मीपण होतो, शेजारच्याच खोलीत. आणि त्याला म्हणावं, मी इथे धुळीच्या भीतीने स्वतःचा एक्स-रे काढून आलो, माझ्या बायकोने देव पाण्यात ठेवले, तर लेका, आता तरी तोंड उघड.

मी म्हणालो, मित्राला निरोप देतो.

८ फेब्रुवारी, सोमवार
लिहायला हात वळत नाही.

हिच्या तळहातांवर ठिपके. तसेच. तांबूस, बिनखाजेचे. सकाळी मलाच दाखवायला आली. म्हणाली, बघा हो, नवीन कपडे धुवायची पावडर सोसली नाही वाटतं.

सप्टेंबरनंतर परत आल्यावर मी हिच्याशी जरा जास्तच मायेने वागत होतो. मनाला लागले होते म्हणून. ती माया अशी पोचली.

आत्ता, या क्षणी सांगायचे, असे ठरवून उठलो. आणि औषधाच्या दुकानात जाऊन मलम आणले. स्वतः लावून दिले, एकेक बोट धरून. ही माझ्या बोटांकडे बघत होती. मग म्हणाली, छत्तीस वर्षांत पहिल्यांदा एवढा वेळ हात हातात घेतलात, तोही मलम लावायला. आणि लाजली.

मलमाने काही होणार नाही हे मला ठाऊक आहे. पण काहीच न करण्यापेक्षा बरे.

नाही, बरे नाही.

९ फेब्रुवारी
मालकांनी बोलावले. म्हणाले, काका, तुमच्या जिवाशी खेळायचं नाही, आजपासून तुम्ही पॉलिशला हात लावायचा नाही. पुढच्या महिन्यात स्प्रे मशीन येते आहे. तुम्ही गेटजवळ बसा, टेम्पोत माल चढला की खूण करा. तुमच्या घरच्या सांगून गेल्यात, तेव्हापासून मला रात्री झोप येत नाही.

हातपॉलिश मी कोणाकडे शिकलो नाही. एका म्हाताऱ्या कारागिराच्या खिडकीबाहेर उभा राहून पाहून पाहून उचलले. शिसवीच्या टेबलात आरशासारखे तोंड दिसेपर्यंत घासायचो. ती विद्या आज एका थापेने गेली. मालकांना खरे सांगावे तर हाताला काम परत मिळेल, पण मग सगळेच सांगावे लागेल.

गेटजवळची खुर्ची मात्र आरामशीर आहे. तिथे विचार करायला वेळ मिळेल. नियोजन उत्तम होईल.

११ फेब्रुवारी, गुरुवार
तिसरा डोस. एक्स-रेमध्ये गाठी विरघळत चालल्या आहेत, बाईंनी दोन फिल्म शेजारी शेजारी लावून दाखवल्या. खोकला जवळजवळ नाही.

बाईंनी विचारण्याआधीच सांगितले, सोमवारी पत्नीला घेऊन येतो. त्यांनी तारीख लिहून घेतली, मला वाचून दाखवली आणि माझ्याकडून परत म्हणवून घेतली. शाळेतल्यासारखी.

योजना तयार आहे, आणि खरोखर चांगली आहे. हिला सांगितले, माझे धुळीचे कपडे तूच धुतेस ना, तेव्हा डॉक्टरांना तुझीही छाती तपासायची आहे, एखादे इंजेक्शन लागेल. ही लगेच तयार झाली. सापही मरेल आणि काठीही तुटणार नाही. हिला औषध मिळाले की मुख्य प्रश्न सुटला. उरते काय? नुसते सांगणे. ते पुढेमागे होईल.

१३ फेब्रुवारी
ही दोन दिवस गप्प गप्प आहे. कपाट आवरले. मुलीचे लहानपणीचे फ्रॉक काढून मुलीकडे पाठवायला बांधून ठेवले. माझ्या शर्टांची सगळी बटणे ओढून ओढून तपासली आणि ढिली होती ती पक्की केली. मला कपाट कुठल्या किल्लीने उघडते तेही दोनदा समजावले.

आवरण्याची हौसच आहे हिला.

१५ फेब्रुवारी, सोमवार
क्रमाने लिहितो.

बाईंनी हिचे हात पाहिले आणि मला विचारले, सांगितलंत? मी म्हणालो, धुळीचे सांगितले आहे. बाईंनी आम्हा दोघांना बाहेरच्या बाकावर पाठवले. म्हणाल्या, दहा मिनिटं. मग मी दार उघडेन, आणि मावशींनी विचारलं तर मी खरं तेच सांगेन.

बाकावर बसलो. मी कारखान्यातल्या नव्या पंख्याविषयी बोललो. तो किती फुटी आहे, वारा कुठून ओढतो, कुठून टाकतो. मास्कची पट्टी कानाला कशी काचते ते सांगितले. नर्सने दारातून डोकावून, पाच मिनिटं राहिली, म्हटले.

तेव्हा हिने माझी बाही धरली. म्हणाली, अहो, पंखा राहू दे. मला कॅन्सर झालाय ना? तुम्ही चार दिवस माझ्याकडे बघत नाही. मलम लावता. एवढं गोड तुम्ही कधी वागत नाही. मला सांगा, किती दिवस आहेत माझे, मी मुलीशी बोलून घेते.

म्हणजे ते फ्रॉक. ती किल्ली.

मग मी सांगितले. हॉटेल, अकरावा दिवस, आजाराचे नाव, हिचे ठिपके, सगळे.

ही आधी एवढेच म्हणाली, म्हणजे मी मरत नाही? मी म्हणालो, नाही. उठून एकटीच आत गेली. अर्ध्या तासाने आली, जिन्याचा कठडा धरून, एक पाय जपत. मी हात पुढे केला, तो घेतला नाही.

जिन्यावर थांबून विचारले, तुम्हाला कधी कळलं? मी म्हणालो, अठ्ठावीस जानेवारीला. हिने बोटांवर मोजले, त्याच हातांच्या. मग म्हणाली, त्या एका दिवसाचं मी बघून घेतलं असतं. रडले असते, ताट फेकलं असतं, तुमचं नाव घेतलं नसतं वर्षभर, पण घेतलं असतं निभावून. हे अठरा दिवस कुठे ठेवू? मी मालकांच्या तोंडाला लागले तुमच्यासाठी. पट्ट्या ठेवल्या. आणि तुम्हाला माहीत असताना तुम्ही माझ्या हाताला मलम चोळत बसलात आणि मी लाजले.

लाजले, हे दोनदा म्हणाली.

रिक्षा करून थेट मुलीकडे गेली. माझ्यासाठी दुसरी रिक्षा थांबवून दिली, पाय दुखत असेल म्हणून. यावरून राग फार नसावा.

१६ फेब्रुवारी
बदल हवाच होता हिला. मुलीकडे विश्रांती मिळेल. दोन दिवसांत येईल.

मुलीला फोन केला. म्हणाली, बाबा, आई ठीक आहे, रिपोर्ट पॉझिटिव्ह आला, पण वेळेत आलात असं डॉक्टर म्हणाल्या, पूर्ण बरी होईल. आता तुम्ही फोन करू नका. मी म्हणालो, तिला म्हणावं मी... ती म्हणाली, बाबा, प्लीज, आणि ठेवला.

पूर्ण बरी होईल. हे चार वेळा लिहून काढले.

१८ फेब्रुवारी
मालकांना खरे सांगितले. एकदा तोंड उघडले की सोपे जाते, असा समज होता. सोपे गेले नाही. त्यांनी बराच वेळ पंख्याकडे पाहिले. मग म्हणाले, पंखा राहू दे, चांगला आहे. पॉलिशचे काय, विचारले. म्हणाले, मशीनची ऑर्डर गेली काका.

रंधा डबा घेऊन गेटजवळ येऊन बसला. काही बोलला नाही. रंध्याकडून हे फार झाले.

२० फेब्रुवारी, शनिवार. सकाळी १०
ही आली! पाऊण तास होती. हातांवरचे डाग फिकट झाले आहेत. मी दार उघडल्यापासून छातीचा नवा रिपोर्ट हातात धरून उभा होतो. तिने तो वाचला, घडी घालून परत दिला, म्हणाली, चांगलं झालं. मग आपले कपडे, कात्री, दोऱ्यांचा डबा पिशवीत भरला.

दारात मी विचारलेच, परत कधी? तिने पिशवी खांद्याला लावली. मग म्हणाली, तुम्हाला सांगायला अठरा दिवस लागले. मलाही उत्तर द्यायला तेवढे लागतील.

म्हणजे नाही म्हणाली नाही! हिशेब केला. दहा मार्च. अठरा दिवस म्हणजे काय, चुटकीसरशी जातील. मला तर ते केव्हा गेले कळलेसुद्धा नव्हते.

तोवरची कामे: खोली रंगवणे, हिच्या शिवणाच्या टेबलाला हाताने पॉलिश करणे, स्वयंपाक शिकणे, एकही शब्द खोटा न बोलणे. वेळ पुरणार नाही असे वाटते.

दुपारी ३
अजून पहिलाच दिवस चालू आहे.